पिकअपच्या आधी नट आणि फ्रेट पाहावेत

स्क्वायर या फेंडरच्या स्वस्त ब्रँडच्या स्ट्रॅटोकास्टर या इलेक्ट्रिक गिटारला महागडे पिकअप (तारांची कंपने विजेच्या संकेतात बदलणारे भाग) बसवावेत की ती विकून वरच्या दर्जाची गिटार घ्यावी, या प्रश्नावर इथल्या चर्चेत बहुतेकांनी विकण्याचा सल्ला दिला आहे. मला तो घाईचा वाटतो. स्वस्त गिटारमध्ये खरी काटकसर झालेली असते ती हातकामात. खुंटी पिळताना नटपाशी, म्हणजे मानेच्या टोकाला तारा जिच्या खाचांतून जातात त्या पट्टीपाशी, ‘टिक’ असा आवाज होऊन सूर एकदम उडी मारत असेल, तर तार खाचेत अडकते आहे, आणि तिथे तार घट्ट पकडून ठेवणाऱ्या लॉकिंग खुंट्या बसवूनही गिटार सुरात राहणार नाही. खाच नीट घासून घेणे किंवा नट बदलणे हाच उपाय आहे. १२व्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे मानेवरची धातूची आडवी पट्टी) दाबलेला स्वर त्याच जागेच्या हार्मोनिकपेक्षा, म्हणजे तार न दाबता नुसती स्पर्शून काढलेल्या स्वरापेक्षा, चढा लागत असेल, तर सॅडल (तारेला खालच्या टोकाशी आधार देणारा भाग) मागे सरकवावे. त्याला फक्त स्क्रूड्रायव्हर लागतो. फ्रेट समतल करून घेण्यावरचा खर्चही सार्थकी लागतो, कारण तो प्रत्येक स्वरात जाणवतो.

पिकअप मात्र शेवटी बदलावेत, तेही मान सरळ असेल आणि अँप बरा असेल तरच. मूळ पिकअप जपून ठेवावेत, कारण गिटार विकताना सुधारणांचे पैसे सहसा वसूल होत नाहीत. जुने परत बसवून नवे वेगळे विकता येतात.