मदत हवी आहे : तिबेरियसच्या मोहरेवर बसलेली ही स्त्री कोण?

नमस्कार मंडळी. रोमन सम्राट तिबेरियसच्या (इ.स. १४ ते ३७) ऑरियसवर, म्हणजे सुमारे पावणेआठ ग्रॅमच्या सोन्याच्या नाण्यावर, मी काही दिवस अडकलोय. पुढे सम्राटाचं मुकुटासारखी लॉरेलची पानं ल्यालेलं मस्तक. मागे खुर्चीवर बसलेली स्त्री, एका हातात लांब राजदंड, दुसऱ्या हातात डहाळी, भोवती ‘पोंतिफ माक्सिम’, म्हणजे प्रमुख धर्माधिकारी. कुणी तिला शांतिदेवता पाक्स म्हणतं, कुणी सम्राटाची आई लिव्हिया. मला लिव्हियाच वाटते, पण नाण्यावर नाव नाही. डहाळीवरून ठरवावं, तर ऑलिव्ह पाक्सचं चिन्ह.

काही नाण्यांवर खुर्चीचे पाय साधे, काहींवर नक्षीदार आहेत. त्यावरून टाकसाळीतला आधीनंतरचा क्रम लावता येतो का? कसा?

आणखी एक. १८९८ साली आपल्याकडे तमिळनाडूतल्या पुदुक्कोट्टईला ५०१ ऑरियस सापडले. त्यातल्या बहुतेकांवर सम्राटाच्या चेहऱ्यावरच छिन्नीचा घाव आहे. इतकं देखणं काम असं कापलेलं पाहून जीव हळहळतो. चलनातून बाद करण्यासाठी घाव घातला, की सोनं पारखण्यासाठी? अभ्यासकांनी कृपया सविस्तर सांगावं. खुर्चीच्या पायांचे स्पष्ट फोटो असतील तर तेही टाका.