तलावाचा ठेका घेण्याआधी नेमकं काय तपासायचं?

काठावरचा :
आमच्या मच्छीमार सहकारी संस्थेच्या कार्यक्षेत्रातला जलसंपदा विभागाचा एक तलाव मासेमारीच्या ठेक्याला निघतोय. ठेका पाच वर्षांचा, जिल्हा मराठवाड्यातला. पूर्ण भरला की 180 हेक्टर, जाहिरातीत सरासरी जलक्षेत्र 90 हेक्टर दिलंय. संस्थेत दोन मतं आहेत. जुने सभासद म्हणतात, कटला-रोहूचं बीज सोडू आणि जाळी लावू. तरुणांना अनुदानातून पंगस माशाचे दहा तरंगते जाळीचे पिंजरे टाकायचेत. बीज किती आणि कधी सोडावं, पिंजरे परवडतील का आणि करारात काय बघावं, हे जाणकारांनी सांगावं.

सांडवा :
बीज आणि पिंजरे नंतर, आधी पाटबंधारे उपविभागात जा. तिथे तलावाचा पातळी-क्षेत्र-साठा तक्ता असतो. त्याची नक्कल घ्या आणि मागच्या दहा-बारा वर्षांच्या 31 मेच्या पातळ्या लिहून आणा. त्या त्या पातळीला किती हेक्टर पाणी होतं ते तक्त्यावरून काढा. तुम्ही पैसे 90 हेक्टरचे भरणार, पण मासा जगतो तो मे महिन्यात उरलेल्या पाण्यात. ते 12 हेक्टर असेल तर वर्षभर वाढलेला सगळा मासा त्या 12 हेक्टरात कोंडणार आणि उथळ गरम पाण्यात पहाटे प्राणवायू संपून मरणार. यादीत दुष्काळाची वर्षं असलीच पाहिजेत. 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं. ते साल वगळून काढलेली सरासरी मराठवाड्यात कुचकामी.

दुसरं, पाण्यावर तुमचा हक्क नाही, फक्त मासे धरण्याचा आहे. 15 ऑक्टोबरचा साठा बघून कालवा सल्लागार समिती रब्बी-उन्हाळी आवर्तनं, म्हणजे कालव्याला पाणी सोडायच्या पाळ्या ठरवते. पिण्यासाठी आरक्षण पडलं तर उन्हाळी पाळी रद्द होते आणि तुमचं पाणी टिकतं, नाहीतर मार्चमध्येच तळ दिसतो. आवर्तनाचा कार्यक्रम हातात आला की त्यावर मासेमारीचा कार्यक्रम बसवा. बाजारात भाव पडलाय म्हणून थांबायची चैन तलावाला पाणी असेल तरच.

तलाव पेसा क्षेत्रात, म्हणजे आदिवासी अनुसूचित क्षेत्रात असेल तर ग्रामसभेचा विषय वेगळा निघतो. तुमच्याकडे तो बहुधा नसावा.

बोटुकली :
बीजाचा हिशेब. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत जलाशयासाठी हेक्टरी 1000 बोटुकली (बोटाएवढी माशाची पिल्लं) आणि नगाला 3 रुपये धरलेत. तुमच्या 90 हेक्टरला 90,000 नग, म्हणजे 2 लाख 70 हजार. यातली 15 टक्के हाती लागली आणि सरासरी 700 ग्रॅम भरली तर साधारण साडेनऊ टन मासा होतो. पहिल्या वर्षी यापेक्षा जास्त कागदावर धरू नका.

सगळं अवलंबून आहे ते आकारावर. 80 ते 100 मिलिमीटरच्या खालचं बीज म्हणजे मरळ आणि शिवडा या शिकारी माशांची न्याहारी. पुरवठादार 30-40 मिलिमीटरचं बीज 'बोटुकली' म्हणून देतात आणि मोजणी मगाने होते. तीन वेगवेगळे मग स्वतः ओतून नग मोजा, सरासरी काढा, त्यावरच बिल करा. पहिल्याच मगावर हिशेब ठरवू देऊ नका. तो नेमका गच्च भरलेला असतो.

सोडायची वेळ सांडव्यावरून जादा पाणी वाहायचं थांबल्यानंतर, म्हणजे साधारण सप्टेंबर अखेर ते ऑक्टोबर. जुलैत सोडलेलं बीज एका पुरात खालच्या गावाला जातं. सांडव्याला जाळी मारायचा विचारही नको, कचरा अडकून पाणी तुंबतं आणि विभाग ती काढायलाच लावतो. कालव्याच्या मुखाशी मात्र परवानगी घेऊन जाळी बसवता येते. प्रमाण कटला 40 टक्के, रोहू 30, मृगळ 30. सायप्रिनस (कॉमन कार्प) थोडाच, तो तळ उकरतो.

मोठी बोटुकली पिशवीतून लांबून आणणं महाग, कारण एका पिशवीत फार थोडे नग बसतात. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये 25-30 मिलिमीटरचं बीज आणून तलावातच बारीक आसाच्या (छिद्रांच्या) जाळीच्या पिंजऱ्यांत अडीच-तीन महिने वाढवा. शेंगदाणा पेंड आणि भाताचा कोंडा निम्मेनिम्मे पुरतो. पुणे जिल्ह्यात डिंभे जलाशयात धरणग्रस्त आदिवासींच्या संस्थेने हेच केलं. तुमच्या तरुणांना पिंजरेच हवेत ना? मग हे करा.

तळठाव :
पंगसच्या पिंजऱ्यांबद्दल माझं स्पष्ट मत: या तलावात नको. नेहमीचा पिंजरा 6 × 4 × 4 मीटरचा, 96 घनमीटरचा. जाळं चार मीटर खोल आणि त्याखाली निदान पाच मीटर पाणी हवं, तेही मे महिन्यात. नाहीतर विष्ठा आणि उरलेलं खाद्य खालीच साचतं, तळाचा प्राणवायू संपतो आणि पहिल्या मोठ्या पावसात किंवा अचानक थंडी पडल्यावर ते पाणी वर येतं. एका रात्रीत पिंजरा मेलेल्या माशांनी पांढरा.

लोक उजनीचं नाव घेतात. उजनी धरणाचा एकूण साठा 117 टीएमसी (अब्ज घनफूट), त्यात मृतसाठाच, म्हणजे टक्केवारीत न धरलेलं तळाचं पाणी, 63 टीएमसीच्या वर. म्हणून तिथे टक्केवारी वजा झाली तरी पाणी उरतं. लघु तलावात वजा झालं की चिखल.

पैशाचंही बघा. त्याच मत्स्यसंपदा योजनेत एका पिंजऱ्याची किंमत 3 लाख धरलीय. सर्वसाधारण गटाला 40 टक्के, अनुसूचित जाती-जमाती आणि महिलांना 60 टक्के अनुदान. इथपर्यंत सगळे पाठ करून येतात. पण एका पिंजऱ्यातून 3 टन मासा काढायचा तर किलोला दीड किलो या हिशेबाने साडेचार टन तरंगतं खाद्य लागतं. 40 रुपये किलो धरलं तरी 1 लाख 80 हजार. दहा पिंजऱ्यांना 18 लाख खेळतं भांडवल, प्रत्येक हंगामाला. ते संपलं की निम्म्या वाढीचा मासा मिळेल त्या भावाला विकावा लागतो.

काठावरचा :
धन्यवाद. बोटुकलीसाठी पिंजरे हा मधला मार्ग पटतोय. आता एक व्यापारी अनामत आणि बीजाचे पैसे द्यायला तयार आहे, बदल्यात सगळा मासा त्यालाच द्यायचा आणि मासेमारीला माणसं त्याची. हे चालेल का?

सांडवा :
मासा त्याला विकायचा करार करता येईल, पण त्याची माणसं जाळी टाकायला लागली की तो पोटठेका. तो चालत नाही. तक्रार झाली तर ठेका रद्द, अनामत जप्त आणि पुढच्या वेळी संस्थेची क्रियाशीलता दाखवायला पुरावाच नाही. सभासदांनी स्वतः मासेमारी केल्याची रोजची नोंदवही ठेवा: तारीख, सभासद, माशाची जात, किलो, दर. लेखापरीक्षणात हीच वही उपयोगी पडते.

बीजाच्या पैशासाठी सभासदांनी आधी बँकेत किसान क्रेडिट कार्डाचे अर्ज टाकावेत. 2018-19 पासून ते मच्छीमारांनाही लागू आहे. तरीही व्यापाऱ्याची उचल घ्यावीच लागली तर दर आज ठरवू नका. 'त्या दिवशीच्या जवळच्या ठोक बाजारभावातून किलोला इतके रुपये वजा' असं लिहून घ्या.

आणि बीज सोडताना मत्स्यव्यवसाय कार्यालयाचा माणूस बोलवून पंचनामा करून घ्या. पाणी आटून मासा मेला आणि सवलत मागायची वेळ आली, तर किती बीज सोडलं होतं हे त्याच कागदावरून दाखवता येतं. मेलेल्या माशाचा पंचनामाही त्याच दिवशी, दुसऱ्या दिवशी दाखवायला काही उरत नाही.