शेतीच्या खेळात शेतीच करायची नाही म्हणे!

सिडकोकर:
परवा गळवाला यांनी इथे स्टारड्यू व्हॅली या शेतीच्या गेमवर पोस्ट टाकली. ज्यांची हुकली त्यांच्यासाठी: खेळातली दोन वर्षं संपत आली, एक बी पेरलं नाही, पहिल्या दिवशी मिळालेल्या पार्सनिपच्या (गाजरासारखं एक पीक) १५ बिया पेटीत तशाच, सगळा पैसा मासे आणि खाणीतला. वर शेवटी, "या गेममध्ये शेती सोडून सगळं भारी आहे." खाली टाळ्या वाजवणाऱ्यांची रांग.

माझं डोकं फिरलं. हा गेम एरिक बरोनने एकट्याने साडेचार वर्षं बसून केला. चित्रं त्याची, संगीत त्याचं, २०१६ ला बाहेर काढला. भोपळ्याला १३ दिवस, फ्लॉवरला १२, वांगं पाच दिवसांनी परत तोडायला येतं, हे कोणीतरी बसून ठरवलंय. आजोबा मरताना जमीन नावावर करून जातात आणि तुम्ही तिथे तण वाढवून गळ टाकून बसता? मग मासेमारीचा गेम घ्या की वेगळा.

आमची दिंडोरीकडची जमीन वडिलांनी विकली, मी तेव्हा बारावीत. आता नाशिकच्या अंबडला कंपनीत आहे, सेकंड शिफ्ट. रात्री साडेबाराला घरी येऊन तासभर त्या शेतात जातो. फुकट मिळालेली जमीन पडीक ठेवून कोणी मिरवायला लागलं की लागतं मला. लागणारच.

जोजा_मेंबर:
एवढं मनाला लावून घेऊ नका हो. गेम आहे. मी खेळातले पाच हजार भरून जोजाची, म्हणजे त्या गावातल्या बड्या कंपनीच्या सुपरमार्केटची मेंबरशिप घेतली, तेव्हाही इथे लोक अंगावर आले होते.

सिडकोकर:
तुमचं तर बोलूच नका.

हातपंप:
सिडकोकर, भावना समजली, पण नियम बघा. तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला आजोबांचं भूत येतं तेव्हा मिळकत बघतात, गावात किती जणांशी जमलं ते बघतात, लग्न झालं का बघतात. "किती पेरलंस" असं सरळ कुठेच विचारत नाहीत. खुद्द आजोबांना चालतंय, तर तुम्ही का तलाठी होताय?

गळवाला:
आरोपी हजर आहे. दादा, मी निफाड तालुक्यातला. तीन एकर थॉमसन द्राक्षं. ऑक्टोबर छाटणी झाली की पुढचे चार महिने मी माणूस नसतो. पहाटे फवारणीचा ब्लोअर, दुपारी विरळणीच्या बायकांमागे, मग घड औषधात बुडवायचं डिपिंग, मग भुरी, डाऊनी हे रोग. नोव्हेंबर २०२३ च्या गारपिटीत एका संध्याकाळी घडांचा चेंदा झाला, ते नाही सांगत बसत. एवढं करून रात्री मोबाइलवर परत झारी घेऊन पाणी घालू? ट्रकवाला घरी येऊन ट्रकचा गेम खेळतो का?

हातपंप:
खेळतो. माझा मेव्हणा आग्रा हायवेला ट्रक चालवतो आणि घरी येऊन बस सिम्युलेटर. वर बायकोला सांगतो, "बस वेगळी असते."

गळवाला:
😂 बरं, एक अपवाद धरा. पण दादा, खेळातली द्राक्षं बघितलीत का? शरद ऋतू लागला की लावा, दहाव्या दिवशी तोडा, मग दर तीन दिवसांनी तोडत राहा. इथे डॉगरिजचा खुंट लाव, त्यावर कलम कर, वेलीचे ओलांडे तयार कर, तेव्हा कुठे दुसऱ्या वर्षी घड दिसतो. पाणी नाही घातलं तरी त्यांचं पीक मरत नाही, नुसतं थांबतं. टीव्हीवर उद्याचा पाऊस सांगतात आणि तो उद्याच पडतो! पेटीत माल टाकला की सकाळी पैसे हजर. माझा एक व्यापारी चार वर्षांपूर्वी माल भरून गेला, त्याचा फोन अजून बंद आहे. ती शेती मला बघवत नाही. मासा निदान खोटं बोलत नाही, सुटला तर सुटला.

आणि कांदा नाहीच त्या गेममध्ये. जंगलात पात मिळते, लसूण दुसऱ्या वर्षी दुकानात येतो. कांदा घातला असता तर पुढच्या अपडेटला निर्यातबंदी आली असती.

सिडकोकर:
तुम्ही बागाईतदार आहात हे पोस्टमध्ये लिहायला काय झालं होतं? मला वाटलं कॉलेज रोडचं कोणीतरी असेल. तरीही माझा मुद्दा तोच आहे. टीव्हीवर सांगितलेला पाऊस पडतो, म्हणूनच तर तिथे शेती करायची! तेवढं एकच ठिकाण आहे जिथे शेतकऱ्याला भाव ठरलेला आहे आणि लग्नाला मुलीही मिळतात. पुष्पगुच्छ दिला, पेंडंट दिलं, झालं. कोणी सातबारा मागत नाही, कोणी "मुलगा पुण्यात आहे का" विचारत नाही.

पिंपळगावची_लेक:
आलं का मुलींवर? वाटच बघत होते.

सिडकोकर:
ताई, गमतीत लिहिलंय.

पिंपळगावची_लेक:
गंमत दरवेळी आमच्याच नावाने का? माझ्या आईने वीस वर्षं बागेत विरळणी केली, मान वाकडी झाली. सातबाऱ्यावर तिचं नाव नाही, औषधाच्या दुकानातल्या उधारीच्या वहीत मात्र आहे. मी शेतकरी मुलगा नाकारला, हो, दोन नाकारले. दोघांनाही विचारलं, जमीन माझ्याही नावावर कराल का? एकाची आई उठून आत गेली. खेळात लग्न झाल्यावर बायको सकाळी कधीमधी पिकाला पाणी घालून ठेवते. ते बघून मी गेम बंद केला होता.

हातपंप:
नवराही घालतो त्यात.

पिंपळगावची_लेक:
त्यात.

गळवाला:
ताई, तुमच्या आईचं खरं आहे, आमच्याही घरात तेच आहे. पण दुसरी बाजू ऐका. माझा मोठा भाऊ ३६ चा झाला. एका ठिकाणी मुलीच्या वडिलांची स्वतःची दहा एकर बाग. म्हणाले, "स्थळ चांगलं आहे, पण जावई नोकरीवाला पाहिजे." स्वतः बाग करतात हो! मग भावाने सातपूरला बारा हजारांवर सुपरवायझरची नोकरी धरली, फक्त बायोडेटात लिहायला. सहा महिन्यांत जमलं. लग्नानंतर आठवड्यात नोकरी सोडली.

पिंपळगावची_लेक:
म्हणजे मुलीला फसवलं. आणि हे तुम्ही अभिमानाने सांगताय?

गळवाला:
अभिमान नाही. सांगतोय.

जोजा_मेंबर:
वहिनींना माहीत होतं का?

गळवाला:
आता माहीत आहे. बागेचा सगळा हिशोब त्याच बघतात, आमच्यापेक्षा बरा. सातबाऱ्याचं विचाराल तर... नाही. अजून नाही.

पिंपळगावची_लेक:
"अजून" हा शब्द मी लिहून ठेवलाय.

हातपंप:
धागा पार्सनिपचा होता हो.

सिडकोकर:
मीच काडी टाकली, कबूल. ताई, ते मुलींचं वाक्य मागे घेतो. बाकी काही मागे घेत नाही. गळवाला, एकच विचारतो, ग्रीनहाऊस तरी केलंत का?

गळवाला:
केलं ना. जोजावालाच आहे मी पण. ३५ हजार मोजले. रिकामं आहे.

सिडकोकर:
रिकामं!!

हातपंप:
अनुदान उचललं का?

सिडकोकर:
ग्रीनहाऊसमध्ये वर्षभर काहीही येतं, ऋतू बदलला तरी पीक जात नाही, आणि हा माणूस ते रिकामं ठेवतो. मी वाद सोडला. तुमच्याशी बोलून बीपी वाढतं.

जोजा_मेंबर:
आजोबा आले का पण? दोन वर्षं संपली असतील एव्हाना.

गळवाला:
काल रात्री आले. चारपैकी तीन मेणबत्त्या पेटवून गेले.

हातपंप:
एकही बी न पेरता तीन? सिडकोकर, तुम्हाला किती होत्या?

सिडकोकर:
मला पहिल्या वेळी दोन. मी दिवसभर शेतातच असायचो, गावात कोणाशी बोललोच नाही. हसू नका.

पिंपळगावची_लेक:
हसत नाहीये. बरं, थोडंसं.

सिडकोकर:
समाधीवर हिरा ठेवला की आजोबा परत येतात. गळवाला, चौथी हवी असेल तर लग्न उरकून घ्या, त्याचा गुण आहे. आणि त्या १५ बिया पेरून टाका हो. गुणासाठी नाही. मला झोप येत नाही म्हणून.

गळवाला:
बियांचं बघतो. लग्नाचं अवघड आहे. पेंडंट विकणारा म्हातारा किनाऱ्यावर पावसातच येतो. टीव्हीवर उद्या पाऊस सांगितलाय खरा, पण इकडेही आभाळ भरून आलंय आणि बाग पोंग्यातून फुलोऱ्यात चाललीय. पहाटे चारला ब्लोअर जोडायचाय. म्हातारा थांबेल.