मदत हवी आहे: १९८६ ते ९० मधले शाळेच्या खो-खो संघांचे फोटो

नमस्कार मंडळी, नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या शाळेच्या मुलींच्या खो-खो संघाचं स्नेहसंमेलन दिवाळीनंतर ठरतंय. अडचण एकच, कोणाकडेच धड फोटो नाही. चिटणीस पार्क आणि रेशीमबागच्या मैदानावर आंतरशालेय सामने व्हायचे, तेव्हाचं कोणाच्या घरी, बहिणीच्या ट्रंकेत, काही असेल तर कृपया सांगा. खांबाजवळ सूर मारतानाचा एखादा फोटो मिळाला तर बापा, सोनंच! (गुडघे आमचे अजून साक्ष देतात, पण ते फ्रेम करता येत नाहीत.)

दुसरं म्हणजे, त्या वर्षांचे तरुण भारत, लोकमत, हितवाद यांचे जुने अंक नागपुरात कुठे पाहायला मिळतात? निकाल दोन ओळींत का होईना, छापून यायचे. शाळेत विचारलं, जुनी रजिस्टरं रद्दीत गेली म्हणे.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला, आपल्या मुलींनी नेपाळला हरवून जिंकला. तो पाहूनच सगळ्यांना एकदम उमाळा आला. क्रीडाशिक्षक, पंच असलेल्या कोणी ज्येष्ठांनी माहिती दिली तर फार बरं होईल. मूळ फोटो नको, मोबाईलवर काढून पाठवला तरी चालेल.