ब्राह नऊ तास थांबला असता तर?

होकायंत्र: २१ एप्रिल १८६१. ऑस्ट्रेलिया दक्षिणोत्तर ओलांडायला निघालेल्या मोहिमेचा म्होरक्या बर्क आणि त्याचे साथीदार विल्स, किंग उत्तरेकडून परतताना संध्याकाळी कूपर क्रीकच्या तळावर पोचले आणि तळ सांभाळणारा ब्राह त्याच सकाळी निघून गेलेला. एक रात्र थांबला असता तर बर्क-विल्स मेलबर्नला जिवंत परतले असते. निव्वळ दुर्दैव.

खडूस: दुर्दैव कसलं डोंबलाचं! तीन महिने थांब म्हणाले होते, तो चार थांबला. कूलिबाच्या झाडावर ‘खणा’ कोरून बुंध्याशी शिधाही पुरला. बर्कने शिधा काढला, चिठ्ठी ठेवली, खड्डा होता तसा बुजवला. झाडावर मात्र नवी रेघ नाही. ८ मेला ब्राह मागून शिधा आणणाऱ्या राइटला घेऊन परत आला, जुनीच खूण पाहून न खणता गेला.

होकायंत्र: शिधा कितीसा पुरणार होता? पुढे नार्दू, म्हणजे तिथल्या नेच्याचं पीठ, पोटभर खाऊनही बर्क-विल्स मेलेच ना?

पाटा-वरवंटा: आता मुद्द्यावर आलात. दिवसाला चार-पाच पौंड नार्दू तिघांत संपायचं. या नेच्यातलं थायमिनेज ब-१ जीवनसत्त्वच मोडून टाकतं. तिथल्या यांद्रुवांधा या आदिवासी जमातीच्या बायका त्याचे कोष निखाऱ्यात भाजत, भरपूर पाणी घालून वाटत, पातळ लापशी शिंपल्याने खात. यांनी पदार्थ उचलला, पद्धत सोडली. पाय लुळे, नाडी ४८. ब-१ च्या अभावाने होणारा बेरीबेरी, दुसरं काय?

खडूस: शवविच्छेदन केलंत वाटतं? अंगावर नुसती हाडं-कातडी उरली होती, तो बेरीबेरीचा पुरावा? आणि क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणाऱ्या स्कर्व्हीचं काय? लिंबाचा रस तर बर्कने वाटेत बालरनाल्ड गावातच टाकला होता. राइटची माणसं स्कर्व्हीनेच गेली.

पाटा-वरवंटा: राइटची माणसं वेगळी, हे तिघं वेगळे. गल्लत करू नका. किंगही नार्दूच खात होता, पण यांद्रुवांधांच्या हातचं, सोबत मासे. १५ सप्टेंबरला शोधाला निघालेल्या हॉविटच्या माणसांना तो जिवंत सापडला.

खडूस: म्हणजे मासे! तेच मासे आणून देणाऱ्यांच्या डोक्यावरून बर्कने गोळी झाडली होती. त्याला कोणतं जीवनसत्त्व कमी पडलं होतं?

होकायंत्र: बरं बाबा, ब्राह निर्दोष. खूश? पण राइट जानेवारी संपत येईपर्यंत मागच्या तळावर, मेनिंडीत बसून राहिला, त्याचं काय?

खडूस: त्याला मागे ठेवणाराही बर्कच.