बिनपाण्याची हजामत: गिनिपिग एकमेकांचे केस कुरतडतात, त्याला काय म्हणावं?

धागाकर्ती, पुणे

शब्द हवा आहे. पण आधी तो का हवा ते सांगते, म्हणजे "एवढ्याशा जनावरासाठी एवढा कीस कशाला" असं कुणी म्हणणार नाही.

आमच्याकडे दोन गिनिपिग आहेत, दोघी माद्या. एकीच्या अंगभर केसांचे भोवरे आहेत म्हणून ती चकली. दुसरीचे केस जमिनीवर लोळतात म्हणून ती सुतरफेणी. दीड वर्ष एका पिंजऱ्यात आहेत, झोपताना एकीचं नाक दुसरीच्या कुशीत. गेल्या महिन्यात सुतरफेणीच्या उजव्या बाजूचे केस आखूड दिसायला लागले. गळले म्हणावं तर बुंधे शाबूत. बोथट कात्रीने पायऱ्या-पायऱ्यांनी कापल्यासारखे. मग एका रात्री चोर सापडला. चकली तिला खेटून बसली होती, एक बट तोंडात, जबडा सावकाश चालू. आणि सुतरफेणी डोळे अर्धवट मिटून गप्प!

दवाखान्यात फोन लावला आणि म्हणाले, "एक गिनिपिग दुसरीला चावते." पलीकडून उत्तर आलं, "आजच वेगळ्या करा." केल्या. तीन दिवस सुतरफेणीने काकडीकडे बघितलं नाही आणि चकलीने रात्रभर जाळी कुरतडून आमची झोप उडवली. चौथ्या दिवशी दोघींना घेऊन गेले. डॉक्टरांनी फुंकर मारून केस बाजूला केले, कातडी बघितली आणि म्हणाल्या, "अहो, ओरखडासुद्धा नाही. ही चावत नाहीये, केस खातेय." घरी येऊन पुन्हा एकत्र ठेवल्या, तर तीन दिवसांच्या ताटातुटीनं सगळं विस्कटलेलं. दोन दिवस पहिल्यापासून मानपान.

म्हणजे माझं एक क्रियापद चुकलं आणि त्यांचं बसलेलं बिऱ्हाड मोडता मोडता राहिलं.

इंग्रजीत याला बार्बरिंग म्हणतात, म्हणजे न्हावीकाम. मराठीत केस चावणे, खाणे, चघळणे, कुरतडणे यांपैकी एकही मला नीट बसत नाही. दुसरी शंका 'डॉमिनन्स'ची, म्हणजे दोघींत वरची कोण हे सांगणाऱ्या शब्दाची. 'वर्चस्व' म्हटलं की जिल्हा परिषदेच्या निकालाची बातमी वाचतेय असं वाटतं.

परभणीकर

हजामत! आणि तीही बिनपाण्याची. विषय संपला.

व्याकरणवाली, ठाणे

संपला कुठे, आता तर सुरू झाला. ताई, तुमचं क्रियापद चुकलं नाही, विभक्तीने घात केला. 'चावणे' मराठीत दोन आहेत. कुत्रा मला चावला, डास तुला चावला: इथे ज्याला चावलं त्याला 'ला' लागतो आणि क्रियापद चावणाऱ्याच्या मागे जातं. दुसरं, त्याने ऊस चावला, तिने बडीशेप चावली: इथे चावणाऱ्याला 'ने' आणि क्रियापद खाण्याच्या वस्तूमागे. पहिल्यात इजा आहे, दुसऱ्यात जेवण. 'ती तिला चावली' आणि 'तिने तिचे केस चावले' या दोन वाक्यांत एका दवाखान्याच्या फेरीचं अंतर आहे, ते तुम्ही अनुभवलंच.

'चघळणे' नको. चघळलेली वस्तू तोंडात राहते, गोळी, सुपारी, जुना राग. इथे केस तुटतो. 'खाणे'ही अर्धवट, कारण पुष्कळदा तुटलेले केस तिथेच पडलेले दिसतात, पोटात जातात असं नाही. 'कुरतडणे' कृतीला सगळ्यात जवळचं, पुढच्या दातांनी बारीक बारीक तोडणं. पण त्यात नासधूस आहे. उंदराने कुरतडलेली साडी डोळ्यांसमोर येते.

जाता जाता एक गंमत. गिनिपिग ज्या गणात येतात त्याला आपण पाठ्यपुस्तकात 'कृंतक' शिकलो. त्यातला धातू कृत्, म्हणजे कापणे. त्याच धातूपासून कर्तरी, आणि तिच्यापासून आपली कात्री. तुम्ही "बोथट कात्रीने कापल्यासारखे" लिहिलंत ना, तेव्हा नकळत व्युत्पत्तीच सांगितलीत.

पारवेवाला, सातारा

गिनिपिग आमच्याकडे पुतण्याचे आहेत, माझा संबंध पारव्यांशी. पण बघताना एक शब्द आपसूक तोंडात आला तो सांगतो. नवं गिनिपिग आत सोडलं की जुनं अंग घुसळत, मागचा भाग डावीउजवीकडे झुलवत, पोटातून घर्रर्र असा आवाज काढत त्याच्याभोवती फिरतं. पुतण्या म्हणाला, "काका, मांजरासारखं खूश झालंय." म्हटलं, खूश कसलं, हे घुमतंय! नर पारवा गळा फुगवून मादीभोवती गोल फिरतो, त्याला आम्ही घुमणंच म्हणतो. आवाज आणि चाल दोन्ही एका शब्दात येतात. अंगात आलेला माणूसही घुमतोच की.

धागाकर्ती, पुणे

काका, 'घुमणं' उचललं! आमच्या दोघी माद्या असूनही घुमतात. डॉक्टर म्हणाल्या, माद्या साधारण दर १६ दिवसांनी माजावर येतात, तेव्हा त्याही नरासारख्या वागतात.

अशीच माझी एक फसगत सांगते. परत एकत्र ठेवल्या तेव्हा चकली दात वाजवायला लागली. मी काय करावं? पिंजऱ्यावर चादर टाकली. आपल्या भाषेत दात वाजतात ते थंडीने!

व्याकरणवाली, ठाणे

हाहा. तिथे 'दात खाणे' म्हणायचं. रागाने माणूस दातओठ खातो, तसं. फक्त झोपेतसुद्धा लोक दात खातात, तेवढी फट राहते. तरी थंडीपेक्षा बरी.

मूळची डोंबिवलीची, आता बर्न

इथे स्वित्झर्लंडमध्ये एकटं गिनिपिग पाळता येत नाही. २००८च्या प्राणिकल्याण नियमांनुसार कमीत कमी दोन हवेतच. त्यामुळे एक गेलं की दुसऱ्याला सोबत शोधणं हे मोठंच काम असतं, आणि 'दोघांचं जमेल का' ही चर्चा अगदी स्थळ बघितल्यासारखी चालते. मुलीला समजावताना मी मराठीत सरळ 'जोडी जमली', 'जोडी फिसकटली' म्हणते. बैलांसारखं.

नावाचा गोंधळ तर सगळीकडेच. जर्मनमध्ये त्याला समुद्रातलं छोटं डुक्कर म्हणतात, फ्रेंचमध्ये भारताचं डुक्कर. भारत म्हणजे अर्थात कोलंबसवाला भारत. हा प्राणी ना गिनीचा, ना डुक्कर, ना आपला. अँडीज पर्वतातल्या लोकांनी काही हजार वर्षांपूर्वी माणसाळवलेला, आणि पेरूत आजही तो लाड करायला नाही, पानात वाढायला पाळतात. तिथलं नाव 'कुय'. संध्याकाळी फ्रीज उघडला की आमची दोघं जे ओरडतात ते ऐकून मला हेच नाव सगळ्यात खरं वाटतं.

वर्चस्वाबद्दल: कोंबड्यांमध्ये कोण कोणाला चोच मारणार याचा ठरलेला क्रम असतो, हे नॉर्वेचे प्राणिशास्त्रज्ञ शेल्डरुप-एबे यांनी १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला मांडलं. इंग्रजीत त्याला 'पेकिंग ऑर्डर' म्हणतात, पुढे तोच शब्द कचेरीतल्या माणसांनाही लागला. गिनिपिगला चोच नाही, म्हणून आपला वेगळा शब्द शोधू या.

परभणीकर

दादागिरी. अरेरावी. वरचढपणा. यातलं वरचढ तर बघाच, वर चढ! एक गिनिपिग दुसऱ्याच्या पाठीवर चढतं ते जुगण्यासाठीच असतं असं नाही, मादी मादीवर चढते ती "मी मोठी" एवढंच सांगायला. शब्दकोशाने चित्र काढून ठेवलंय. कुरघोडीतही घोडी आहेच.

संस्कृतप्रेमी, नाशिक

'वर्चस्व'ला इतकं हिणवू नका. मूळ वर्चस् म्हणजे तेज. मात्र आयुर्वेदाच्या ग्रंथांत हाच शब्द मलालाही वापरतात. गिनिपिग बूड जमिनीला घासत आपला वास सोडत जातात, हद्द आखल्यासारखे. तेव्हा तेजाची मोजणी नेमकी कुठून होते हे तुम्हीच ठरवा.

धागाकर्ती, पुणे

कालपासून मी कागद घेऊन बसतेय. दोघी समोरासमोर येतात, नाकाला नाक. मग हळूहळू दोघींची डोकी वर जायला लागतात, हनुवट्या आढ्याकडे. दहा-पंधरा सेकंद. एकीची मान खाली आली की संपलं. रक्त नाही, आवाज नाही. खाली मान घालणारी बाजूला होते आणि दुसरी कोथिंबिरीच्या जुडीशी जाते. हे बघितल्यावर मला 'वर्चस्व' नको आणि 'दादागिरी'ही नको, मला 'मान' हवा. मान वर, मान खाली, आणि पहिला मान कुणाचा. आम्ही पुण्याची माणसं, गणपतीसुद्धा मानाच्या क्रमाने विसर्जित करणारी. 'मानाचा क्रम' यात शरीरही आलं आणि प्रतिष्ठाही.

पारवेवाला, सातारा

पटलं. मानकरी कोण ते एकदा ठरलं की भांडणं थांबतात, हे कबुतरखान्यातही तसंच.

पशुवैद्यक शिकणारी, मुंबई

'मानाचा क्रम' मस्त. पण 'हजामत' या शब्दाला माझी हरकत आहे, आणि ती भाषेची नाही, इलाजाची आहे.

बिनपाण्याची हजामत म्हणजे आपल्याकडे अपमान, खरडपट्टी. हा शब्द आधीच निकाल देऊन मोकळा होतो की करणारी दांडगट आणि सोसणारी बिचारी. पुष्कळदा मानकरीणच खालच्या क्रमाच्या गिनिपिगचे केस तोडते, हे खरं. पण कारण नेहमी मानाचंच असतं असं नाही. तंतूमय वैरण कमी पडली, जागा कमी, दिवसभर करायला काही नाही, तरीही केस तोडले जातात. पिल्लं आईचे तोडतात, तिथे कसलं आलंय वर्चस्व? उंदरांमधल्या याच सवयीला शास्त्रज्ञांनी एकेकाळी बायबलमधल्या दलीलाचं नाव दिलं होतं, शमशोनाचे केस कापवणारी ती. नंतर काही अभ्यासकांना त्यात सत्तेपेक्षा माणसांच्या केस उपटण्याच्या विकाराशी साम्य दिसलं. नाव बदललं तशी शोधाची दिशा बदलली.

म्हणून मला कृती सांगणारा पण हेतू न सांगणारा शब्द हवा. माझी आजी नातवंडांचे केस वेडेवाकडे कापले की म्हणायची, "काय भादरलंय!" चकलीने सुतरफेणीला भादरलं. बघा, वेडंवाकडं आलं, आखूड आलं, आणि कुणावर आरोप नाही.

आणखी एक. केस गेले म्हणजे भादरलंच असं धरून बसू नका. यासाठी मराठीत शब्दांचा तोटा नाही, ते वापरा, डॉक्टरला फोनवरही कळतं. प्रचंड खाज, कोंडा, खाजवून जखमा, कधी खाजवता खाजवता झटके: ती लूत, कातडीतल्या बारीक परजीवींमुळे होते, तातडीने न्या. नाकाडोळ्यांभोवती, कानांवर गोल, खपली धरलेले चट्टे: नायटा, तो तुम्हालाही लागेल, हात धुवा. वयस्क मादीच्या दोन्ही कुशींवर सारखंच टक्कल, खाज नाही: अंडाशयात गाठी असू शकतात, तपासून घ्या. भादरलेलं असेल तर कातडी निकोप आणि हाताला खुंट लागतात. डोक्यावरचे नि मानेवरचे केस गेले असतील तर स्वतःचं तोंड तिथे पोचत नाही, म्हणजे हात, सॉरी, दात दुसऱ्याचा. आणि कानामागे केस नसतात ते जन्मतःच. दर महिन्याला कुणीतरी त्याचा फोटो काढून आणतं.

रत्नांग्रीकर

'भादरणे' आमच्याकडे जरा उद्धट वाटतं हां. चारचौघांत बोलायचं नाही.

परभणीकर

चारचौघांत गिनिपिगबद्दल बोलतं कोण?

पशुवैद्यक शिकणारी, मुंबई

ताई, खायला काय घालता?

धागाकर्ती, पुणे

सुकं गवत. म्हणजे दुकानदाराने 'गवत' म्हणून दिलेलं.

परभणीकर

ते पिवळं, पोकळ नि चकचकीत आहे का? मग तो भाताचा पेंढा. गवत वेगळं, पेंढा वेगळा, कडबा वेगळा, शहरात सगळ्यालाच गवत म्हणतात. धान्य काढून घेतलेल्या काडीत काय राहतं? अंथरायला ठीक.

पशुवैद्यक शिकणारी, मुंबई

बरोबर. आणि त्यावर उतारा म्हणून रोज लसूणघास, म्हणजे अल्फाल्फा, घालू नका, पूर्ण वाढलेल्या गिनिपिगला त्यातलं कॅल्शियम जास्त होतं. हिरवट वाळलेलं, पानाचं गवत हवं, तेही दिवसभर समोर. दोन ठिकाणी ठेवा, म्हणजे मानकरीण एकावर बसली तरी दुसरं मोकळं राहतं.

धागाकर्ती, पुणे

पिवळं, पोकळ, चकचकीत. काय सांगू.

धागाकर्ती, पुणे

तीन आठवड्यांनी लिहितेय. गवत बदललं, दोन टोकांना दोन ढीग. सुतरफेणीचे लोळणारे केस मीच कात्रीने बोटभर ठेवलेत, मुलगा म्हणतो, "आई, आता तूच तिला भादरलंस." चकलीने पहिल्या आठवड्यात दोनदा बट तोंडात धरली, नंतर दिसली नाही. घुमणं चालू आहे. मात्र परवापासून कोथिंबिरीशी आधी सुतरफेणी जाते आणि चकली मान खाली घालते. हे कधी नि कसं झालं ते माझ्या कागदावर नाही.