दोन हजाराचा चाकू कशाला? घरात एक १८ एमएमचा कटर बास (विळीवाल्यांनी पण वाचावं)

मोंढ्यातला (लातूर)
परवा एका सज्जनांनी इथं लिहिलं, "घरात रोजच्या कापाकापीला एकच चांगला घडीचा स्विस चाकू ठेवा, आयुष्यभर पुरतो, ते स्टेशनरीतले प्लास्टिकचे कटर म्हणजे निव्वळ कचरा." खाली अंगठ्यांची रांग. दोन दिवस गप बसलो पण राहवेना म्हणून लिहायलोय.

मी आडतीवर बसतो, तिथं कट्टे (पोती) फोडायचे, घरी पोरं रोज एक पार्सल मागवतात, म्हणजे दिवसभर माझं कापणंच चालतं. खोकं कापताना अख्खं पातं नाही लागत, पुढचं अर्धा इंच लागतं. आणि पुठ्ठा लई वाईट चीज, धार खाऊन टाकतो. तुमच्या दोन हजाराच्या चाकूची धार गेली की करणार काय? गल्लीत सायकलवर धारवाला येतो त्याला देणार, तो विळीसारखा चाकावर धरून ठिणग्या उडवणार, दोन वर्षात पातं मधून पोटात गेलेलं. कटरला काय, टोक बोथट झालं, कट्टकन तुकडा मोडला, नवी धार. हे डोकं जपानी माणसाचं, ओसाकाचे योशिओ ओकाडा, १९५६ सालची गोष्ट. छापखान्यात कागद कापायचे आणि ब्लेडचं टोक गेलं की अख्खं ब्लेड फेकावं लागायचं. तिकडं चपला शिवणारे काचेचा तुकडा बोथट झाला की मोडून नवी धार काढायचे, आणि अमेरिकन सैनिकांच्या चॉकलेटच्या वडीवर मोडायच्या रेघा असायच्या. या दोन गोष्टी त्या माणसानं एकत्र बघितल्या. झालं कटर.

घ्यायचा तर १८ एमएम पात्याचाच घ्या. पातं ०.५ एमएम जाड असतं. ९ एमएमवालं ०.३८ असतं, कागद-स्टिकरला ठीक, जाड पुठ्ठ्यात वाकतं. आणि लॉक बघूनच घ्या, मागं फिरकी असलेलं. बिनलॉकच्या कटरनं आमच्या वहिनीच्या अंगठ्याला चार टाके पडलेत, पातं दाबल्याबरोबर आत सरकलं आणि हात पुढं गेला. म्हणून स्वस्त घ्या पण फुकटातलं घेऊ नका.

मोसंबीवाला (जालना)
मीच तो सज्जन. टोमणा पोचला.

दादा, तुम्ही खोक्याबद्दल लिहिलं, मी घराबद्दल लिहिलं होतं. तुमचं पातं कार्बन स्टीलचं. त्यानं एक लिंबू कापा, न पुसता रात्रभर ठेवा, सकाळी बघा काय रंग येतो ते. मी मोसंबीवाला माणूस, खुंटावर डोळे भरायचं काम वडलांबरोबर शिकलो, रंगपूर लिंबाच्या खुंटावर साल उकलून डोळा बसवायचा तर चाकू असा लागतो की साल फाटली नाही पाहिजे. तो घडीचा चाकू वडलांचा, अजून चालतो, दगडावर पाणी टाकून मीच धार लावतो, दहा मिनिटाचं काम. धारवाल्याकडं कशाला जायचं, तुम्हाला येत नसेल तर तसं म्हणा. किल्लीच्या जुडग्यात दुसरा लाल बारका, ५८ एमएमचा, त्यात कात्री, चिमटा, नखाची कानस. पोराच्या बोटात बाभळीचा काटा गेला तर तुमचा १८ एमएम काय करणार, बोट मोडून नवं काढणार?

परभणीची काकू
भांडतंय कोण, दोघं बाप्ये. घरात कापतंय कोण हे एकानं तरी विचारलं का?

माझ्या हाताखाली विळी, एक सुरी आणि कात्री. दुधाची पिशवी, तेलाचं पाऊच, दाळीचं पाकीट, सगळं कात्रीनं. वांगं, भेंडी, पालेभाजी विळीवर, दोन्ही हात मोकळे राहतात हे चाकूवाल्यांना कळायचं नाही. फक्त गुडघे बोलायला लागलेत म्हणून मागच्या वर्षी ओट्यावरची विळी घेतली, पाटाच्या टोकाला खोबऱ्याची खवणी आहे. पार्सल फोडायला मी किल्ली वापरते. हो, दाराची किल्ली. चिकटपट्टीवरून दोनदा ओढायची, फाटते. तुमचा १९५६ चा जपानी आणि ह्यांचं स्विस दोन्ही गेले उडत.

आणि ती विळी माळेगावच्या यात्रेतली आहे, कमानपाट्याचं, म्हणजे गाडीच्या स्प्रिंगच्या पट्टीचं पातं. घिसाडणीनं माझ्यासमोर भाता हलवला, तिच्या नवऱ्यानं ठोकून पाणी पाजलं. असली चीज पार्सलमध्ये येत नाही.

पांदीवरचा (धाराशिव)
मोंढ्यातल्या शेठला एकच विचारायचंय. आडतीवर बसता आणि कट्टा फोडायला कटर लागतो??

कट्ट्याच्या तोंडाची शिलाई एक टोक धरून ओढली की सर्रकन निघते, सुतळीसारखी हातात येते, बारदाना साबूत राहतो. तुम्ही कटरनं तोंड फाडता, मग तोच बारदाना आम्हाला परत देता आणि त्यात सोयाबीन भरून आणलं की म्हणता "फाटका आहे, गळती धरा". वर वजनात बारदान्याची कपात वेगळी. चोराच्या उलट्या बोंबा. कटर तुमच्या हातात, जखम आमच्या हिशोबाला.

मोंढ्यातला (लातूर)
ह्याला म्हणतात कुठला विषय कुठं नेणं. कपात बाजार समितीच्या हिशोबानं होते, मी ठरवत नाही. आणि शिलाई ओढून काढायचं मला शिकवू नका, मी चड्डीत होतो तेव्हापासून ओढतोय. डावीकडून ओढली तर निघते, उजवीकडून ओढली की गाठ बसते, मग कटर लागतोच.

पांदीवरचा (धाराशिव)
उजवीकडून निघते.

मोंढ्यातला (लातूर)
डावीकडून.

परभणीची काकू
आमच्या घरी तांदळाचा २६ किलोचा कट्टा येतो, तो कुठूनच निघत नाही. आणि हे २६ किलो काय भानगड आहे, आधी २५ चे यायचे ना?

मोंढ्यातला (लातूर)
काकू ते जीएसटीचं आहे. २०२२ च्या जुलैपासून २५ किलोपर्यंतच्या पॅकबंद धान्याला ५ टक्के लागला, म्हणून गिरणीवाले एक किलो जास्त भरतात. ह्याच्यावर मी वेगळं लिहीन, आमचं काय काय होतंय ते.

टेलरिंगवाली (उदगीर)
दोघंही बरोबर नाहीत आणि दोघंही चूक नाहीत, ऐका. ती साखळी टाक्याची शिलाई असते. प्रत्येक फास पुढच्या फासात अडकलेला. मशीन जिथं थांबली तिथला शेवटचा फास सोडला की सगळी साखळी मागं मागं सुटत जाते, आणि जिथनं सुरू झाली त्या टोकाला धरून ओढलं तर बापजन्मात सुटत नाही, उलट आवळते. तुम्ही कट्टा कुठल्या अंगानं उभा केलाय त्यावर तुमचं डावं-उजवं. एका बाजूनं सरळ टाके दिसतात, दुसऱ्या बाजूनं साखळी दिसते, कट्टा फिरवला की डावं उजवं होतं. दोन धाग्यांची शिलाई असली तर आधी एक धागा मोकळा होतो, मग दुसरा आपोआप.

तीस वर्ष मशीन चालवतेय, तरी नवऱ्यानं सिमेंटची गोणी विळ्यानंच फोडली आणि अर्धी पायावर सांडून घेतली.

पांदीवरचा (धाराशिव)
ताई तुमचं मान्य. पण शेठ बारदाना फाडतात हे राहिलंच.

शाळामास्तर (नांदेड)
मुख्य मुद्दा कुणी बोलायला नाही. खिशात चाकू घेऊन फिरणं कायद्यात बसतं का? जालन्याचे साहेब जुडग्यात घेऊन हिंडतात, उद्या नाकाबंदीत धरलं तर?

मोसंबीवाला (जालना)
सर, ५८ एमएम म्हणजे चाकू मिटल्यावरची लांबी, पातं दीड इंचाच्या आसपास. शस्त्र नियमात ९ इंचापेक्षा लांब किंवा २ इंचापेक्षा रुंद पात्याची गोष्ट आहे, त्यातही घरकाम आणि शेतीची अवजारं वगळलेली. आणि तुम्ही नांदेडचे असून विचारता? गुरुद्वाऱ्याच्या भागात कृपाणांची दुकानं रांगेनं आहेत, घटनेच्या कलम २५ मध्ये कृपाणाचा उल्लेखच आहे. फक्त विमानात हँडबॅगेत नेऊ नका. मी एकदा नेला, संभाजीनगरच्या विमानतळावर डब्यात टाकून यावं लागलं. तेव्हा मला दोन हजार काय असतात ते कळलं, शेठ, खुश व्हा.

मोंढ्यातला (लातूर)
😂😂 नाकापेक्षा मोती जड. आयुष्यभर पुरतो म्हणे.

घंटागाडीवाल्याचं पोरगं
हसा. मी मघापासून वाचतोय.

शेठ, कट्टकन तुकडा मोडला, नवी धार, लई भारी. तो मोडलेला तुकडा गेला कुठं हे लिहिलं नाही तुम्ही. मी सांगतो. कचऱ्याच्या पिशवीत. माझी आई नगरपालिकेच्या गाडीवर आहे, कंत्राटी, हातमोजे आठवड्यात फाटतात, नवे मिळायला महिना लागतो. मागल्या दिवाळीला लोकांनी घरं साफ केली, त्यात कुणाचं तरी असंच हुशार डोकं होतं, चहापत्तीच्या चोथ्यात पात्याचे तीन तुकडे. पिशवी दाबून बांधताना तळहातात घुसला. धनुर्वाताचं इंजेक्शन, दहा दिवस घरी, दहा दिवसाची मजुरी गेली. बोट अजून पूर्ण मिटत नाही. भाकरी थापताना करंगळी वर राहते तिची.

तुमच्या वहिनीचे चार टाके सगळ्यांनी वाचले. त्या तुकड्यांवर कुणी अंगठा दिला नाही.

शाळामास्तर (नांदेड)
भाऊ, भावना समजतात पण कचऱ्यात काचा, सुया, ट्यूबलाइट सगळंच येतं, एकट्या कटरला दोष देऊन कसं चालेल.

घंटागाडीवाल्याचं पोरगं
सर, तुम्ही कधी गाडीमागं उभं राहून बघा, मग भावना समजतील.

परभणीची काकू
मास्तर गप बसा जरा.

बाळा, आईचं नाव काय ते सांगू नको, पण त्यांना माझा नमस्कार सांग. मी तुटलेली बांगडी सुद्धा कागदात गुंडाळून वर "काच" लिहून देते.

मोंढ्यातला (लातूर)
दोन तास फोन बाजूला ठेवला होता.

भावा, चुकलं. मी मोडतो आणि दुकानाच्या कचऱ्यात टाकतो, घरात पण तसंच. कधी मनातच आलं नाही. आत्ता कपाटातून अमृतांजनची रिकामी बाटली काढली, टेबलाखाली सतरा तुकडे सापडले ते त्यात भरले, झाकण लावून वर चिकटपट्टी मारली. भरली की भंगारवाल्याला हातात देणार, लोखंडच आहे. मोडतानाही हातानं मोडत नाही आता, कटरच्या बुडाला चिमटीसारखी खाच असते ती त्याचसाठी असते, पंधरा वर्षात मी ती वापरली नव्हती.

कटर मात्र सोडणार नाही, तेवढं राहू द्या.

मोसंबीवाला (जालना)
चला, शेठनी एक तरी गोष्ट मान्य केली, आज मोंढा बंद ठेवायला हरकत नाही. मी पण एक मान्य करतो. ठिबकची १६ एमएमची लॅटरल (नळी) मी वडलांच्या चाकूनं कापायचो, जाड पातं, तिरकी कापली जायची, जॉइनर बसला तरी पाणी झिरपायचं. काल गड्याचा कटर घेतला, काटकोनात कापली गेली. एक थेंब नाही. त्याचं श्रेय कटरला, तुम्हाला नाही.

पांदीवरचा (धाराशिव)
आणि बारदान्याचं?

मोंढ्यातला (लातूर)
बारदान्याचं समितीत या, तिथं बोलू. तुमच्यासाठी आज मुद्दाम युरियाचा ४५ किलोचा कट्टा घेतला, टेलरिंगवाल्या ताईंनी सांगितलं तसं साखळीची बाजू बघितली, शेवटचा फास शोधला, डावीकडून ओढलं. गाठ. उजवीकडून ओढलं. गाठ. कट्टा फिरवला, परत दोन्हीकडून. हमाल चहा सोडून बघायला आले.

शेवटी कटर लावला.

टेलरिंगवाली (उदगीर)
मधूनच कापला असणार. फोटो टाका.